एकोणिसावी तार

शनिवारी निघायचं. आज गुरुवार,
आणि अंगणात सात सायकली उलट्या पडल्यात,
चाकं वर,
औषध पाजायला लोळवलेल्या म्हशींसारख्या.

वडगाव ते इळकल.
मागांच्या गल्लीतून मागांच्या गल्लीत.
दोनशे दहा किलोमीटर, कुणी म्हणतं दोनशे पंचवीस.
जास्तच धरा, म्हणते शमीम किल्लेदार,
लोकांनी किलोमीटरमागं पैसे लावलेत.

तिच्याकडं शंभर पानी वही, कव्हरवर गुलाब.
पहिल्या पानावर पिठाची गिरणी, दोन रुपये.
खाली कन्नडमधून सूतवाल्यांची सही,
मग उर्दूत तिचा मामा,
मग माझी जाऊ, पन्नास पैसे,
ते खोडून एक रुपया.
बेरीज तेवढी सगळ्यांना वाचता येते.

टी-शर्टवर कुठली भाषा वर, कुठली खाली,
यात दोन रात्री गेल्या.
भैरू हलगेकर चहा अर्धा टाकून उठून गेला होता.
तेजूनं, माझ्या भाचीनं, वाट काढली:
एक छातीवर, एक पाठीवर.
समोरून येणाऱ्यानं मराठी वाचावी,
मागून येणाऱ्यानं कन्नड,
आणि ट्रकवाल्यानं काही न वाचता
जरा लांबून जावं.

दोन महिने पहाटे येळ्ळूरगडाच्या चढाला गेलो.
पहिल्या दिवशी मी चौथ्या वळणावर उतरले.
नेमण्णा चौगुले, वय एकसष्ट,
शेजारून गेला, म्हणाला, "निधान, अक्का, निधान."
पुढच्या वळणावर तोही उतरलेला,
सायकल दगडाला टेकवून
लांबवरची शेतं फार मन लावून बघत होता.

आता माझ्या मांड्या दगड झाल्यात.
नवरा सकाळपासून ट्यूबा मोजतोय,
दर वेळी एक कमी येते.
जावेनं कडक भाकऱ्या केल्यात, तीन दिवस टिकतील अशा,
शेंगाचटणी वेगळी बांधलीय,
आणि वरून म्हणते, बाईमाणसाला हे काय सुचलं या वयात.

पैसे कानाच्या मशिनींसाठी.
चौदा जणांची यादी, सगळे मागावरचे.
पंधरावं नाव मी आप्पांचं लिहिलं होतं.
डॉक्टरांनी पेनाचं टोपण त्यावर ठेवलं, म्हणाले,
इथं आता मशीन काही करणार नाही, उशीर झाला.
एक्केचाळीस वर्षं पॉवरलूमवर.
माझं नाव त्यांनी शेवटचं कधी ऐकलं असेल,
हिशेब लागत नाही.

दुपारी ते बाहेर आले. लाइट गेलेली,
गल्ली कधी नव्हे ती गप्प.
"कुठं जाऊलालीस?" चौथ्यांदा विचारलं.
मी पाटीवर लिहिलं, इळकल.
ते हसले. सायकलवर? लुगडं आणायला?

मग माझ्या चाकापाशी बसले.
चष्मा काढून ठेवला.
तारांवरून बोट फिरवत गेले, एकेक,
ताण्याचे धागे तपासावेत तसे,
छत्तीसातली एकोणिसावी आली आणि बोट थांबलं.
"ही ढिली."
दुकानदारानं दोनदा बघितलं होतं ते चाक,
तेजूनं मोबाइलवर बघून तिसऱ्यांदा.
पान्याचा अर्धा फेरा.
पुन्हा बोट. अजून पाव.
मग चाक फिरवलं आणि तळवा जवळ धरला,
वारा सरळ येतोय का बघायला.

उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.
हँडलची नवी घंटी दिसली, दाबली,
आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.
वाजली?
मी मान हलवली.

तेवढ्यात लाइट आली.
या घरातला, त्या घरातला, मागच्या बोळातला,
सगळे माग एकदम सुटले,
पायाखालची फरशी थरथरायला लागली.
आप्पांनी पुन्हा घंटी दाबली.
मला ऐकू आली नाही.
मी मान हलवली.